परभणी क्रांतीचे पैसे कोणी दिले?

भेंडीला केवडा लागला की आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. मग शिरांमधली हिरवी जागाही पिवळी होत जाते, पान आखडतं, आणि ज्या काही भेंड्या लागतात त्या फिकट नि निबर निघतात. पांढरी माशी एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते आणि विषाणूही तिच्याबरोबर जातो. लागण कोवळ्या रोपांवर झाली तर प्लॉट मोडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. विषाणूवर औषध नाही. फवारणी होते ती माशीवर, आणि माशी शेजारच्या वावरातून परत येते. म्हणून यावर खरा इलाज एकच, तो म्हणजे रोगाला दाद न देणारं बियाणं.

तसं बियाणं दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी १९५०च्या दशकात तयार केलं. नाव 'पुसा सावनी'. सरकारी संस्था, सरकारी पगार, सरकारी जमीन. त्या बियाण्याचा धंदा कसा करायचा हे मात्र ओळखलं जालन्याच्या एका माणसाने. बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. त्यांच्या बियाणे-व्यवसायाची सुरुवात याच भेंडीपासून झाली. १९६४ साली त्यांनी 'महिको' काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कल्पना दिल्लीतल्या सरकारी प्रयोगशाळेची, पीक जालन्याच्या शेतातलं आणि गिऱ्हाईक देशभरातलं! संशोधनाबद्दल सरकारी धोरण कसं असावं यावर कितीही ग्रंथ लिहिले गेले असोत, त्याचा गाभा या एका भेंडीत सापडतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुसा सावनीची ताकद काही वर्षांत ओसरली आणि केवडा परत आला. रोग आणि वाण यांची ही स्पर्धा कायमची मिटत नाही. एका वाणाने दिलेली फुरसत संपायच्या आत दुसरा वाण तयार ठेवावा लागतो. हा दुसरा वाण आला परभणीहून. मराठवाडा कृषी विद्यापीठातले जांभळे आणि नेरकर हे शास्त्रज्ञ भेंडीच्या भावकीतल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या घानाहून आलेल्या एका जातीकडे वळले. तिला केवडा होत नव्हता. अडचण अशी की ती भावकीतली असली तरी सख्खी नव्हती. पुसा सावनीशी तिचा संकर केला की जी संतती येई, ती बहुतांशी वांझ.

भेंडीचा संकर हे हाताचं काम आहे. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, चिमट्याने तिचे पुंकेसर अलगद काढून टाकायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. सकाळी फूल उमलतं. पिवळंधमक, तळाशी गर्द तांबूस डाग. त्याच वेळी दुसऱ्या झाडाचे परागकण आणून त्याला लावायचे, कारण दुपारपर्यंत फूल मिटून जातं. इतकं करून बोंड धरेलच असं नाही, धरलं तर त्यात बी भरेलच असं नाही आणि बी भरलं तर ते उगवेलच असंही नाही. जे थोडं हाती लागलं ते पुन्हा पुसा सावनीशी जुळवायचं, पुन्हा पेरायचं, केवड्याच्या ऐन तडाख्यात उभं करायचं आणि हिरवी राहिलेली झाडं निवडायची. असं पिढ्यान्पिढ्या केल्यावर 'परभणी क्रांती' तयार झाली. १९८६ साली अमेरिकेतल्या 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात तिची नोंद छापून आली. तोवर आणि त्यानंतर तिचं बी देशभर गेलं.

आता व्यवहाराचा प्रश्न. यात परभणीला किती पैसे मिळाले? वाण बाजारात गाजला, पण त्या काळी आपल्याकडे वाणावर हक्क सांगण्याचा कायदाच नव्हता. तो २००१ साली झाला. क्रांती हा सरळ वाण. शेतकऱ्याने एकदा बी आणलं की पुढच्या वर्षीचं बी तो चार झाडं पिकवून घरीच धरू शकतो. शेजाऱ्याला देऊ शकतो, बियाणे कंपनी पाकिटात भरून विकू शकते. फायदा झाला तो हजारो शेतकऱ्यांना आणि लाखो घरांच्या भाजीला, थोडा थोडा, कुणाच्या वहीत नोंद न होता. एखाद्या खासगी कंपनीने याच कामावर दहा-बारा वर्षं पैसे घातले असते तर ते तिला वसूल करता आले नसते. म्हणूनच तिने ते घातले नसते.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली हेच तत्त्वाच्या भाषेत मांडलं. ज्ञान एकदा बाहेर पडलं की ते आवरून धरणं अवघड, त्यामुळे ते निर्माण करणाऱ्याला पूर्ण मोबदला मिळत नाही, आणि बाजाराच्या भरवशावर राहिलं तर समाजाला हवं त्यापेक्षा कमी संशोधन होतं. हे मान्य केलं तर संशोधनावरचा सरकारी खर्च ही मेहेरबानी ठरत नाही, रस्ता किंवा धरण बांधण्यासारखी गरज ठरते. विकसनशील देशात तर अधिकच, कारण तिथे जोखीम पेलणारं खासगी भांडवल तोकडं असतं आणि ज्याला संशोधनाची गरज असते त्याच्या खिशात ते विकत घ्यायला पैसे नसतात.

भारताने हे कागदावर लवकर मान्य केलं. मार्च १९५८ मध्ये संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव आला. त्यानंतर १९८३, २००३ आणि २०१३ अशी धोरणं येत गेली आणि संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च करण्याची भाषा होत राहिली. प्रत्यक्षात २०२०-२१ साली हा आकडा ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे आणि दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. त्यात आणखी एक फरक आहे. कोरियात हा खर्च मुख्यतः उद्योग करतात. आपल्याकडे उद्योगांचा वाटा एकतृतीयांशाच्या थोडा वर आणि बाकीचा भार बहुतांशी सरकारवर. सरकारने हात आखडला की आपल्याकडे संशोधन थांबतं, ते यामुळे.

परभणीत शेतीसंशोधन निजामाच्या काळापासून चालत आलंय. महबूब बागेच्या प्रक्षेत्रावर कापसाची निवड होत असे. नांदेड-परभणीकडची गावरानी कपाशी तिच्या तलम धाग्यासाठी नावाजलेली होती. १८ मे १९७२ रोजी इथे कृषी विद्यापीठ झालं. राहुरी आणि अकोला आधीच झाली होती, दापोली त्याच दिवशी झालं. २०१३ साली परभणीच्या विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. अमेरिकेतल्या जमीन-अनुदान महाविद्यालयांचा नमुना समोर ठेवून ही विद्यापीठं उभी राहिली: शिकवायचं, संशोधन करायचं आणि ते बांधावर न्यायचं, तिन्ही एका छपराखाली. हा विचार आजही खणखणीत आहे असं मला वाटतं. मोडतो तो तिसऱ्या टप्प्यावर.

१९७३ साली, म्हणजे परभणीनंतर वर्षभराने, ब्राझीलने 'एम्ब्रापा' ही सरकारी शेतीसंशोधन संस्था काढली. तिने शेकडो तरुण शास्त्रज्ञांना डॉक्टरेटसाठी परदेशी पाठवलं आणि ते परतल्यावर त्यांना एकच मोठा प्रश्न दिला: सेराडो नावाची विस्तीर्ण, आम्लधर्मी, पडीक मानली गेलेली जमीन पिकाखाली कशी आणायची. चुना टाकून जमीन सुधारली, थंड प्रदेशातलं सोयाबीन उष्ण कटिबंधात नीट वाढेल असे वाण काढले. आज ब्राझील जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे. परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन काय भावाने जाईल हे ठरवण्यात तिथल्या पिकाचा हात असतो. एक राष्ट्रीय संस्था आणि एक विभागीय विद्यापीठ यांची सरळ तुलना करणं अन्यायाचं होईल. पण एम्ब्रापाचा धडा पैशाच्या रकमेपेक्षा तो सातत्याने मिळण्याचा आहे. संकर करण्यापासून वाण शेतात जाईपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. सरकार पाच वर्षांचं, योजना तीन वर्षांची, अनुदान मार्चअखेर खर्ची टाकायचं. ज्या शास्त्रज्ञाने संकर केला तो निवृत्त झाला आणि त्याची जागा रिक्तच राहिली, तर निवडीच्या सहाव्या पिढीतलं साहित्य शीतगृहात पडून राहतं. आपल्या कृषी विद्यापीठांमधल्या रिक्त जागांची बातमी इतकी जुनी झालीय की ती आता कुणी वाचत नाही.

कापसाची हकीकत याहून बोचरी आहे. विद्यापीठाच्या नांदेड संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात 'एनएचएच ४४' हा संकरित वाण आला. शेतकरी त्याला 'नांदेड ४४' म्हणत. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणारा, पावसाने ताण दिला तरी पुन्हा फुटून येणारा. मराठवाड्यात आणि बाहेरही त्याने मोठं क्षेत्र व्यापलं. हा सरकारी संशोधनाचा संकरित वाण, बियाणं सरकारी महामंडळाकडून, किंमत आवाक्यात.

मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. बोंडअळीला मारणारं जनुक मोन्सँटोचं, भारतातली भागीदारी जालन्याच्या महिकोची. बोंडअळीने गांजलेला शेतकरी बीटीकडे वळला आणि वळणं साहजिकच होतं. पण जनुक फक्त खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांत उतरलं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार भांडल्यावर ते साडेसातशेवर आलं. नांदेड ४४ मध्ये काही खोट नव्हती, फक्त त्यात ते जनुक नव्हतं. बघता बघता देशातलं ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेलं आणि नांदेड ४४ दुकानांतून नाहीसा झाला.

तो बीटी होऊन परत आलाही. विद्यापीठ आणि महाबीज हे सरकारी बियाणे महामंडळ यांनी मिळून ते काम केलं. पण तोवर दशकाहून अधिक काळ उलटला होता. गुलाबी बोंडअळीने बीटीची दुसरी आवृत्तीही पचवायला सुरुवात केली होती. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत अळी आणि किडकी सरकी निघे. ज्या गुणासाठी वाण दहा वर्षं अडकून पडला तो गुण हाती आला तेव्हा निम्मा बोथट झालेला होता. इथे शास्त्रज्ञ कमी पडले असं मी म्हणणार नाही. एखादं नवं तंत्र देशात येऊ द्यायचं ठरवताना ते सार्वजनिक संस्थांच्या वाणांतही कोणत्या अटींवर आणि किती लवकर उतरेल याची बोलणी त्याच दिवशी करायला हवी होती. परवानगी देणारं खातं वेगळं, संशोधनाचं वेगळं, बियाण्याचं आणखी वेगळं. तंत्र एका दाराने आत आलं आणि बाकीच्या दोन दारांना त्याची खबर उशिरा लागली.

खासगी कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी संशोधनावर पैसे घातले, तेही जिथे वसूल होतात तिथे. संकरित वाणाचं बी दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, म्हणून कापूस, मका, भाजीपाला यांत त्यांचा जीव रमतो. तूर, हरभरा, रब्बी ज्वारी, सोयाबीन ही बहुतेक सरळ वाणांची पिकं. त्यांचं बी घरचं धरता येतं, आणि २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला ते राखायचा, पेरायचा, बदलायचा, बिनछापाचं विकायचाही हक्क दिलाय. या पिकांना सरकारी विद्यापीठांशिवाय वाली नाही. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्रातून आलेली 'बीडीएन ७११' तूर लवकर येते आणि परतीच्या पावसाने दगा दिला तरी हाती काही लागतं. हलक्या-मध्यम रानाच्या शेतकऱ्याला तिचं महत्त्व सांगावं लागत नाही.

वाण विद्यापीठाने काढला, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात तिथे तो मान्य झाला, केंद्राने अधिसूचना काढली. वृत्तपत्रात छायाचित्र येतं ते इथवरचं. खरी गंमत पुढे सुरू होते. शास्त्रज्ञाकडचं मूठभर शुद्ध बी म्हणजे पैदासकार बियाणं, त्याला पिवळं लेबल. त्यापासून पायाभूत बियाणं, पांढरं लेबल. त्यापासून प्रमाणित बियाणं, निळं लेबल, आणि हेच शेतकऱ्याच्या हाती जातं. प्रत्येक पायरीला एक हंगाम. ज्वारीचं तीन-चार किलो बी एकराला पुरतं आणि काही क्विंटल परत देतं, त्यामुळे तिचं बी झपाट्याने वाढतं. सोयाबीनला एकरी तीस किलो लागतं आणि उतारा आठ-दहा क्विंटल, म्हणजे पायरीमागे पंचवीस-तीस पटच. शिवाय सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला, पोत्यांची थप्पी उंच लागली, काढणीत पाऊस आला, की दाणा दिसायला टपोरा पण उगवायला नालायक. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं.

त्यानंतर गावोगावी जी मोहीम झाली ती माझ्या मते त्या वर्षातलं सर्वांत स्वस्त 'नवोपक्रम धोरण' होतं. घरचं बी चाळून त्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. काही दिवसांनी गुंडाळी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त कोंब निघाले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, कमी निघाले तर बी वाढवा, फारच कमी निघाले तर ते पेरू नका. खर्च शून्य. हे शास्त्र जुनंच आहे. नवं होतं ते कृषी सहायकाने ओट्यावर बसून ते दहा माणसांसमोर करून दाखवणं.

दरवर्षी विद्यापीठाच्या वर्धापन दिनी, १८ मे रोजी, परभणीत खरीप पीक मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. भाषणं मंडपात चालू असतात आणि गर्दी बियाणे विक्रीच्या रांगेत असते. 'एमएयूएस ७१', '१६२', '६१२' हे सोयाबीनच्या वाणांचे आकडे शेतकरी तोंडपाठ म्हणतो. हंगामाच्या तोंडावर माणूस तालुक्याहून गाडी करून येतो आणि एक-दोन पिशव्यांसाठी उन्हात उभा राहतो. बी संपल्याची पाटी लागली की मोकळ्या हाताने परततो. शेतकरी नवं तंत्रज्ञान स्वीकारत नाहीत, त्यांची मानसिकता बदलायला हवी, असं मंडपातून सांगणाऱ्यांनी एकदा त्या रांगेची लांबी पाहावी. मागणी आहे, माल नाही. संशोधनाला अनुदान मिळतं, उद्घाटनाला मंत्री मिळतात. बीजोत्पादनाच्या मधल्या पायऱ्यांना ना अनुदान पुरतं ना मनुष्यबळ.

नव्या धोरणांचा रोख बघितला की ही काळजी वाढते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट, आणि त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून, उद्योग आणि देणगीदारांकडून येईल अशी अपेक्षा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना मंजूर केली. खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं भांडवल हा तिचा गाभा. उद्योगांनी संशोधनात उतरावं यासाठी हे योग्यच आहे. पण कर्ज घेणाऱ्याला ते फेडायचं असतं, म्हणजे पुन्हा प्रश्न वसुलीचा. रब्बी ज्वारीच्या सरळ वाणावर कोण कर्ज काढणार? राज्यांच्या विद्यापीठांना आजवर केंद्रीय संशोधन निधीतला फार थोडा वाटा मिळत आला. आता मोठ्या संस्थांनी मागे पडलेल्या विद्यापीठांना जोडून घ्यावं अशी योजना प्रतिष्ठानने आखली आहे. ती नेटाने चालली तर चांगलंच.

विद्यापीठाबाहेरचं संशोधन हा वेगळाच विषय आहे, पण त्यातलं एक नाव गाळता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव (आपलं नांदेड नव्हे). तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरून भाताचा 'एचएमटी' वाण निवडला. घड्याळाच्या नावाचा तो तांदूळ घराघरांत पोचला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, पण २०१८ साली ते गेले तेव्हा आर्थिक ओढाताणीतच होते. वाणाची नोंद, हक्क, मोबदला यांचा कायदा आता आहे. एका माणसाला तो वेळेत वापरता यावा यासाठी तालुक्याच्या ठिकाणी कुणी मदतीला बसलेलं नाही.

आणि शेवटी मागणीची बाजू. २०१८ मध्ये परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेतीसंशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. लोह आणि जस्त वाढवलेली ही देशातली पहिली ज्वारी. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, शक्तीत ४५ आणि ३२. ज्या भागात बायाबापड्यांमध्ये रक्त कमी असणं ही रोजची तक्रार आहे, तिथे भाकरीतूनच लोह जावं ही कल्पना साधी आणि मोलाची. पण मोंढ्यात आडत्या ढिगात हात घालतो तेव्हा दाण्याचा रंग बघतो, टपोरेपणा बघतो, चमक बघतो. लोह डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याला भाव नाही.

सरकारने ठरवलं तर वाणाला भाव देता येतो. किमान आधारभूत किमतीच्या यादीत ज्वारीच्या दोन ओळी असतात, संकरित आणि मालदांडी. २०२४-२५ साली संकरित ३,३७१ रुपये क्विंटल आणि मालदांडी ३,४२१. मालदांडी म्हणजे मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी निवडलेला वाण. इतक्या वर्षांनंतरही दिल्लीची किंमतयादी त्याला नावाने ओळखते. मग शक्तीला तिसरी ओळ का असू नये? किंवा तेवढंही नको. अंगणवाडी, आश्रमशाळा आणि शाळेच्या पोषण आहारासाठी धान्य घ्यायच्या निविदेत जिल्ह्याला वाणाचं नाव लिहिता येईल आणि नमुन्यातलं लोह प्रयोगशाळेत तपासून घेता येईल. फक्त किती क्विंटल लागणार हे दोन वर्षं आधी सांगावं लागेल, कारण पैदासकार बियाण्याचं प्रमाणित बियाणं व्हायला आणि त्याचं पीक गोदामात यायला तेवढे हंगाम जातातच.